पेठेतली अंगणवाडी: पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला एक मावशींचा

साताऱ्यात राजवाड्याच्या वरच्या अंगाला, चढाच्या एका बोळात आमची अंगणवाडी आहे. पेठ आणि नंबर मुद्दाम लिहीत नाही. खाली थोडं वाईटही लिहिणार आहे आणि त्याचा ताप बाईंच्या, म्हणजे आमच्या अंगणवाडी सेविकेच्या, डोक्याला नको. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, त्यामुळे हिशेब आधी आणि गप्पा नंतर अशी सवय आहे. म्हणून मार्क आधीच देऊन टाकते: पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते ओघात येईलच.

आमचा शंभू नुकताच चार वर्षांचा झाला. चार वर्षांचं पोर म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांचं आता मोठं झालंय ते विसरलेले असतात, म्हणून सांगते. चड्डी स्वतःच घालणार, उलटी घालणार, आणि आपण सुलटी करायला गेलो की जमिनीवर लोळण घेणार. चपातीचा तुकडा मोडला तर "जोडून दे" म्हणून रडणार. रात्री दिवा घालवला की नेमके प्रश्न सुरू. अजिंक्यतारा रात्री कुठं जातो? पाल आंघोळ करते का? आजीचे दात तिचेच आहेत का? शेवटच्या प्रश्नावर आमच्या सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या होत्या.

गेल्या वर्षी घरात विषय निघाला तो प्लेग्रुपचा. नाव लिहीत नाही, पण एके ठिकाणी मी आणि शंभूचे पप्पा जाऊन आलो. एसी, भिंतीला कार्टून, दारात रबराची घसरगुंडी. फी वर्षाला बावीस हजार, गणवेश आणि पुस्तकं वेगळी. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "वन टू फिफ्टी येतात का त्याला?" शंभूला तेव्हा तीनसुद्धा पूर्ण नव्हती. आतल्या खोलीत त्याच्याच वयाची पोरं खुर्चीवर ओळीनं बसून चार रेघी वहीत उभ्या-आडव्या रेषा काढत होती. एक मुलगी पेन्सिल मुठीत धरून इतकी दाबत होती की कागद फाटला, आणि मग ती फाटलेल्या जागेकडे बघत तशीच बसून राहिली.

आमच्या मुलांच्या डॉक्टरांना नंतर विचारलं तर ते हसले. म्हणाले, मनगटात आठ बारकी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असते. त्या हाताला लिहायला नको, कणीक मळायला द्या, मणी ओवायला द्या, माती द्या. पहिलीत जायला सहा पूर्ण लागतात, मग तीनला कसली घाई? 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात भर आहे तो खेळावर. पण हे धोरण आमच्या गल्लीपर्यंत पोचायला चढ फार आहे.

मग अंगणवाडी. घरात सगळ्यांत जास्त विरोध सासूबाईंचा. "तिथं कोण घालतं आपल्यातलं?" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, कुणी बोलून दाखवत नाही. शेजारच्या वहिनींनीही विचारलं, "फुकट आहे म्हणून का गं?" फुकट आहे, हे खरंच आहे. पण नुसतं फुकट म्हणून मी पोराला कुठंही सोडलं नसतं.

सुरुवात मावशींपासून करते, कारण दिवसाची सुरुवात त्याच करतात. मावशी म्हणजे मदतनीस. कागदावर त्यांचं काम झाडलोट, पाणी, स्वयंपाक आणि मुलांना गोळा करून आणणं. यातलं शेवटचं काम बघायचं असेल तर सकाळी आमच्या बोळाच्या तोंडाशी उभं राहा. खालच्या वाड्यापासून त्या निघतात, एकेका दारात हाक. आत्तापर्यंत माझ्या हातून कपडे घालून न घेणारं पोर हाक ऐकली की आपसूक बाह्यांत हात घालतं. "शंभू, ये रं! गाडी सुटली बघ!" पोरं एकमेकांचा शर्ट मागून धरतात, सगळ्यांत पुढचा मावशींच्या पदराला धरतो, आणि ती गाडी चढ चढायला लागते. मोटारसायकल आली की मावशी हात आडवा करून "सिग्नल!" म्हणतात. गाडीवाला बँकेचा साहेब असो नाहीतर दूधवाला, थांबतोच. पहिले काही दिवस शंभू रडला. मावशींनी समजूत वगैरे काढली नाही, त्याला गाडीचा डायव्हर केलं. रडत रडत त्यानं हॉर्न वाजवला. साडेतीनातला एक तारा याचा.

जागा म्हणजे एका समाजमंदिराची बाजूची खोली. पत्र्याचं छत, खाली फरशी, त्यावर सतरंजी. भिंतीवर कुणीतरी हौसेनं भाज्या रंगवल्यात, त्यात वांगं भोपळ्यापेक्षा मोठं आहे. कोपऱ्यात धान्याची पोती, शेजारी वजनकाटा, वरच्या फळीवर सरकारी खेळण्यांचं खोकं. त्यातले लाकडी ठोकळे चांगले आहेत, बाहुल्यांची बोटं गेलीत. पण मुलं खरी रमतात ती बाईंनी स्वतः जमवलेल्या डब्यांत. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, शिंप्याकडची रिकामी रिळं, नदीतले गुळगुळीत गोटे. एकदा अर्धा तास लवकर गेले तर चार-पाच पोरं झाकणं रंगांप्रमाणे लावत होती. शंभू आणि एक मुलगी एका निळ्या झाकणावरून भांडत होते, कारण त्याच्या आत पांढरं होतं. ते निळ्यात जाणार की पांढऱ्यात? बाईंनी निकाल दिला नाही. म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा, मला नाय कळत." बराच खल झाला आणि झाकणाला तिसरा, एकट्याचा ढीग मिळाला. त्या बावीस हजारांत हे बसलं असतं का, मला शंका आहे.

हे काही बाईंच्या मनानं सुचलेलं नाही, ही जुनी वहिवाट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. महागडी माँटेसरी साधनं परवडणार कुणाला, म्हणून तिथं शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांवर मुलं शिकायला लागली. पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज तिच्याकडे बघून आपण नाकं मुरडतो, पण पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळा 'नैसर्गिक साहित्य' म्हणून जे विकतात ते आमच्या बाई चिंचोक्यांत देतात.

आता जेवण. शंभूचा घरचा आहार म्हणजे तूप-साखर-चपाती, भात आणि बिस्किट. मटकी दिसली की ओकारी काढतो. अंगणवाडीत कधी खिचडी, कधी उसळ, कधी लापशी. मी सांगून ठेवलं होतं, तो उसळ खाणार नाही, जबरदस्ती नको. एके दिवशी खिडकीतून बघितलं. सगळे हात धुऊन गोल बसलेले, श्लोक झाला, ताटल्या आल्या. शंभूनं उसळीकडे बघून तोंड फिरवलं. शेजारी एका गवंड्याची मुलगी बसली होती. कुटुंब विजापूरकडचं, घरी कानडी. तिनं स्वतःच्या ताटलीतली एकेक मटकी उचलून दातानं फोडायला सुरुवात केली, टक टक आवाज करत. शंभू बघत राहिला. मग त्यानं एक उचलली. टक. मग दुसरी. ताटली रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. आता घरीही मटकी मागतो, पण "आवाजवाली", म्हणजे जरा कच्चट ठेवावी लागते. त्याच मुलीकडून तो "बा इल्ली", म्हणजे इकडे ये, शिकलाय. सासूबाईंना कानडीतून हाका मारतो आणि त्या "आले रे बाबा" म्हणत उठतात.

2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं धरली होती. प्रत्यक्षात कधी डाळ पातळ असते, कधी उसळीत मीठ जास्त. चवीला मी दहापैकी सहा देईन. माझ्या हातच्या उसळीपेक्षा ती तिथं जास्त खपते हेही खरं, त्यामुळे फार बोलत नाही.

ज्यासाठी मी अंगणवाडी कुणालाही सुचवेन ती गोष्ट वेगळीच आहे: वजनकाटा. दर महिन्याला वजन, उंची. लहानांच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, 12.5 सेंटिमीटरच्या वर हिरवा, 11.5 च्या खाली लाल. आमच्या घरात "पोरगं वाळलंय" हा रोजचा पाठ. सासूबाई, नणंद, खालचे दुकानदार, सगळे डॉक्टर. त्या धाकानं चॉकलेटी पावडरीचे डबे यायचे, एकेक साडेतीनशे-चारशेचा. बाईंनी एकदा सासूबाईंनाच बोलावून घेतलं, तक्ता पुढ्यात ठेवला आणि बोट लावून दाखवलं. "हे बघा आजी, चार वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन 16 किलो 300. 12 किलो 700 च्या खाली गेलं तर काळजी. आपला शंभू 14 वर आहे आणि रेघ कशी चाललीय, वर. रेघ आडवी झाली तर मीच तुमच्या दारात येईन." आजींनी चष्मा लावून रेघ दोनदा बघितली. म्हणाल्या, "मग डबा?" बाई म्हणाल्या, "डब्यावर मागं बारीक अक्षरात साखर किती लिहिलीय ते नातसुनेकडनं वाचून घ्या." (नातसून नाही, सून. पण बाईंना एवढी गडबड असते.) मी वाचून दाखवली. डबा बंद झाला, शेंगदाण्याचा लाडू सुरू झाला. 2024च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका म्हणून कळवलं होतं. ती बातमी मी फोनवर वाचून दाखवली होती, तेव्हा काही उपयोग झाला नव्हता. तक्त्यावरची रेघ मात्र पटली.

जंताची गोळीही तिथंच होते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. अ जीवनसत्त्वाचा डोस चुकला असेल तर त्या कार्ड बघून सांगतात. आरोग्य तपासणीचं पथक येऊन दात, डोळे बघून जातं. यासाठी खाजगीत गेलात तर काय बिल होतं ते मला काउंटरच्या पलीकडून माहीत आहे.

आता कापलेला दीड.

अर्धा वेळेचा. सकाळी दहाच्या सुमाराला भरते आणि दोनच्या आत पोर घरी. मी सुटते संध्याकाळी सहाला, शंभूचे पप्पा एमआयडीसीत शिफ्टला. मधला वेळ सासूबाईंच्या गुडघ्यांवर. त्या नसत्या तर ही सेवा आमच्या काहीच कामाची नव्हती. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घराला, जिथं दुपारी कुणी मोठं माणूस नाही, तिथं अंगणवाडी पुरत नाही. दुपारी दोन ते सहा पोर काय करतं? आमच्याकडे खरं उत्तर आहे, आजीचा फोन. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की या वयाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. आजींना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, दुपारी येऊन सांभाळा."

अर्धा जागेचा. संडास समाजमंदिराचाच, आणि तो कधी कुलपात, कधी बिनपाण्याचा. शंभूला अजून मागचं धुवायला मदत लागते. मावशी करतात, नाक न मुरडता करतात, पण पाण्याची बादली खालच्या नळावरून आणतात. जुलैत साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पत्र्यावर तो इतका वाजतो की बाईंची गोष्ट पुढच्या दोघांनाच ऐकू जाते. एका कोपऱ्यात गळतं. तिथं घमेलं ठेवतात आणि पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडतात. पोरांना मजा आहे, धान्याच्या पोत्यांना नाही. तक्रार कुठल्या कार्यालयात केली ते सांगत नाही. अर्ज दिला, पोच घेतली, पोच घरी आहे.

उरलेला अर्धा बाईंवर लादलेल्या कामाचा. माझ्या काउंटरवर मी एक रजिस्टर भरते तरी कंटाळते. बाईंकडे किती आहेत ते मोजायचं धाडस मी केलं नाही. शिवाय पोषण ट्रॅकर हे ॲप. हजेरी त्यात, वजन त्यात, घरपोच आहाराच्या पाकिटासाठी आईच्या चेहऱ्याचा फोटो त्यात. खोलीत रेंज नाही, म्हणून बाई पायरीवर उभ्या राहून फोन आकाशाकडे धरतात आणि आत पोरं मावशींच्या हवाली. त्यात पोलिओ, सर्व्हे, मतदार यादी. अशा दिवसांत बालवाडी म्हणजे नुसतं बसवून ठेवणं. मोठी पोरं मग धाकट्यांना जे शिकवतात ते शिकवतात. शंभूनं एक शिवी आणली. अर्थ माहीत नव्हता, पण सूर इतका अचूक लावला की पप्पांना हसू आवरेना, आणि त्यामुळे ती महिनाभर मुक्कामाला राहिली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्यांच्या बावीस हजारवाल्या पुतण्याला तीच शिवी इंग्रजीत येते, ते मी बोलले नाही.

संपाचंही धरून चाला. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो जानेवारी 2024च्या अखेरपर्यंत चालला. शंभू तेव्हा घरीच होता, पण बोळातल्या बायकांचे हाल बघितलेत. त्या चिडल्या होत्या, आणि तरी मोर्चाला निघालेल्या मावशींना चहा देत होत्या. मुळात यांना पगार नव्हे, मानधन म्हणतात. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा कुठं त्या कायद्यापुरत्या नोकरदार ठरल्या. जिच्या पदराला माझं पोर धरून रस्ता ओलांडतं तिच्या हातात महिन्याला काय पडतं हे एकदा विचारलं, आणि आकडा ऐकून मी तारे कापताना हात आखडता घेतला.

अक्षरओळख किती झाली, असं विचाराल तर सांगते: लिहिता काही येत नाही. पण घरातली चपलांची जोडी लावतो, मोठ्यापासून लहानापर्यंत. कुणी पडलं तर "लागलं का, फुंकर घालू?" विचारतो. रविवारी राजवाडा चौपाटीवर भेळ खाताना अनोळखी पोराला स्वतःच्या कागदातली अर्धी भेळ देऊन आला आणि वर मलाच म्हणाला, "त्याला पण दे की, आपण गोल बसलोय." आणि माझ्यावर ओरडायची नवी रीतही शिकलाय. कमरेवर हात ठेवून, थेट बाईंच्या सुरात, "मम्मी, हाताची घडी!" आमच्या घरात सध्या सगळ्यांनी हाताची घडी घातलेली असते.

वाढदिवसाला कंदी पेढे नेले होते. नेणार असाल तर बारीक करून न्या. आख्खा पेढा दिला की पोरं खिशात घालतात आणि दुपारी आया धुणं धुताना आमची आठवण काढतात.

घालायचं असेल त्यांच्यासाठी: मुलाचा जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, आईचंही आधार ठेवा. फी नाही, गणवेशाची सक्ती आमच्याकडे तरी नाही. पाण्याची बाटली आणि एक जादा चड्डी पिशवीत द्या, दोन्हींवर नाव घाला, कारण सगळ्यांच्या चड्ड्या एकाच दुकानातल्या असतात. जायचं तर सकाळी अकराच्या पुढं जा. त्याआधी बाई पायरीवर रेंज शोधत असतात, तेव्हा त्यांच्याशी बोलू नका.